दीडशे अक्षरांतला भंडारा

हे टिपण आम्ही दोघांनी मिळून केलंय, बोलतोय मात्र एकच जण, म्हणून सारखं 'आम्ही' येईल ते चालवून घ्या. आजचा विषय पाहून काही नेहमीचे श्रोते आलेले नाहीत असं दिसतं. समीक्षा म्हटलं की कविता-कादंबरी असावी असं त्यांचं म्हणणं. पण आपल्या जिल्ह्यात सध्या सगळ्यात जास्त लिहिला जाणारा मजकूर कुठला, हे पाहिलं तर तो कविता नाही. इन्स्टाग्रामवर खातं उघडलं की स्वतःबद्दल लिहायला जास्तीत जास्त १५० अक्षरं मिळतात. त्याला बायो म्हणतात. त्याच्या वर नाव, आणि @ लावून येतं ते हँडल. एवढं मिळून प्रोफाइल. साडीवाला, तांदळाचा व्यापारी, भांड्यांचं दुकान, नाटक मंडळी, शिकवणीवाले, सगळे हे लिहितात. आणि बहुतेक जण कुठलातरी व्हिडिओ पाहून लिहितात, ज्याचं वचन एकच असतं: अमुक अमुक शब्द टाका, गुगलवर वर याल.

या वचनाची आणि त्यातून तयार झालेल्या लेखनाची आज तपासणी करू.

आधी शोधणाऱ्याच्या बाजूनं बघा. देवनागरीत 'भंडारा' एवढंच टाका. हा शब्द एकटा आपला नाही. जेजुरीत उधळतात ती हळद भंडारा. देवळात पंगत बसते तो भंडारा, आणि हिंदीत तर याच अर्थानं तो उत्तर भारतभर चालतो. इंग्रजी अक्षरांत टाइप करायला लागलं तर दोन अक्षरं पुढे भंडारदरा उभाच. इथं भंडाऱ्यात बसून शोधलं तर गुगल आपलं ठिकाण ओळखून जिल्हा आधी दाखवतं, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. पण साडी घेणारं गिऱ्हाईक इथं बसलेलं नसतं. ते पुण्यात, बंगळुरात असतं, आणि त्याच्यासमोर पंगत, हळद आणि धरण यांची सरमिसळ येते.

आणि अजून एक येतं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे इथल्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा नवजात बाळं गेली. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. बाहेरच्या माणसानं भंडारा हे नाव ऐकलं ते बऱ्याचदा याच दोन दिवशी. काही मंडळी सांगतात की चांगला मजकूर भरपूर टाकून अशा बातम्या खाली ढकलता येतात, तेवढ्याच कामाची दुकानं आहेत. आम्हाला ते पटत नाही. त्या बातम्या जिथं आहेत तिथंच राहायला हव्यात. आमचा मुद्दा त्यांच्या शेजारी काय असतं हा आहे, आणि तिथं आपण स्वतःबद्दल लिहिलेलं फार थोडं असतं. असतं ते कसं असतं, ते ऐका.

हा नमुना कुण्या एकाचा नाही, अनेक वाचून आम्हीच जुळवलेला आहे: 'बेस्ट सिल्क साडी, प्युअर टसर, साडी लव्हर, ट्रेंडिंग कलेक्शन, ऑल इंडिया डिलिव्हरी, डीएम फॉर प्राइस.' मध्ये मध्ये चमचमते तारे. हँडलमध्ये 'क्वीन' किंवा 'रॉयल'. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी म्हण आपल्याकडे आहे. इथं ती उलटी झालीय. हाती खरं सोनं आहे, आणि नाव ठेवलंय कथलाचं. हा बायो सुरतेच्या व्यापाऱ्यालाही लागू पडेल, दिल्लीच्याही. गाव नाही, माग नाही, विणणारा नाही. किंमतही नाही, ती खासगीत विचारायची. डीएम फॉर प्राइस या तीन शब्दांवर खरं तर वेगळं व्याख्यान व्हायला हवं. भाव लपवणारा दुकानदार आपल्या आठवडी बाजारात दुपारपर्यंतसुद्धा टिकणार नाही.

हे असं का लिहिलं जातं? तर जुन्या एका समजुतीपायी. एकेकाळी वेबपानाच्या पोटात, वाचणाऱ्याला न दिसणारी, मेटा कीवर्ड्स नावाची शब्दांची यादी भरायचे, आणि सुरुवातीची सर्च इंजिनं तिच्यावर भरवसा ठेवत. लोकांनी तिथं वाटेल ते कोंबलं. सप्टेंबर २००९ मध्ये गुगलनं जाहीरच केलं की क्रम लावताना आम्ही ही यादी बघत नाही. दुसरं, सोशल मीडियावरून आपल्या साइटकडे दुवा दिला की गुगलमधलं वजन वाढतं, असं सांगतात. २००५ साली नोफॉलो नावाची खूण आली ती ब्लॉगखालच्या प्रतिक्रियांतल्या स्पॅम दुव्यांना वजन मिळू नये म्हणून, आणि पुढे मोठ्या सोशल माध्यमांनीही ती वापरली. तिसरं, लाइक आणि फॉलोअर. २०१४ मध्ये गुगलच्या मॅट कट्स यांनी एका व्हिडिओत सांगितलं होतं की फेसबुकचे लाइक आणि ट्विटरचे फॉलोअर आम्ही क्रमासाठी मोजत नाही. म्हणजे ज्या तीन पायांवर हा सल्ला उभा आहे ते तिन्ही कधीच निघालेले. सल्ला मात्र चालू आहे, नवीन थंबनेल लावून.

मग प्रोफाइलनं काहीच फरक पडत नाही का? पडतो. प्रोफाइल हे स्वतःच एक पान आहे आणि ते शोधात येतं. १० जुलै २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यांचे सार्वजनिक फोटो आणि व्हिडिओसुद्धा गुगल, बिंग यांना घेता येतात. फोटोखाली लिहिलेली ओळ आता फक्त फॉलोअरपुरती राहिलेली नाही. त्यामुळे शब्दांना महत्त्व आलं हे खरंच आहे. प्रश्न कुठल्या शब्दांना, हा आहे.

आंधळगावची साडी घ्या. मोहाडी तालुका. तिथले कोष्टी विणकर कोशाची साडी विणतात तिला करवत काठी म्हणतात, कारण काठ आणि अंग जिथं भेटतात तिथं करवतीसारखे दाते दिसतात. ते दाते छापलेले नसतात, भरतकामही नसतं. मागावर तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक, आणि आडवा धागा प्रत्येक वेळी शेजारच्या धाग्यात अडकवून परत फिरवावा लागतो. त्यातून दाता पडतो. काठ सुती, अंग टसरचं. त्या टसरचे कोष आपल्याच भागातल्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढवलेले, आणि ते वाढवण्याचं काम ढिवर समाजानं पिढ्यान् पिढ्या केलेलं. आता सांगा, या सगळ्यातलं काय त्या बायोमध्ये आलं? 'प्युअर'. बस.

ज्या बाईला ही साडी खरंच हवी आहे ती 'बेस्ट सिल्क साडी' शोधत नाही. ती आईच्या पेटीतली साडी आठवून 'करवत काठी', 'तीन धोटे', 'कोसा', 'आंधळगाव', 'मोहाडी' असलं काहीतरी टाकते. हे शब्द सुरतेच्या व्यापाऱ्याकडे नाहीत. आणि आपण ते लिहीत नाही, कारण ते आपल्याला साधे, गावठी वाटतात.

आता इथं एक खरी अडचण आहे, तिच्यावर थोडं थांबू. २०२२ साली आपल्या विधिमंडळानं कायदा दुरुस्त करून लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी, देवनागरी पाटी सक्तीची केली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. म्हणजे दुकानाच्या दारावर देवनागरी लागते. पण त्याच दुकानाचं हँडल देवनागरीत करता येत नाही. इन्स्टाग्राम इंग्रजी अक्षरं, आकडे, टिंब आणि खालची रेघ एवढंच घेतं, तेही तीस अक्षरांपर्यंत. एक्स तर पंधरावरच थांबवतं. म्हणजे रस्त्यावर आपलं नाव आपल्या लिपीत आणि शोधाच्या दारात परक्या लिपीत. मग त्या परक्या लिपीत लिहायचं कसं? करवतमधला व व्हीनं लिहायचा की डब्ल्यूनं? त ला टी की टीएच? भौगोलिक मानांकनाच्या नोंदीत जे इंग्रजी स्पेलिंग आहे त्यात करवतच्या शेवटी टीएच आलाय, आणि ज्याला खरोखर टीएच लागतो त्या काठीतल्या ठ ला नुसता टी मिळालाय. त्यामुळे सरकारी नोंद वाचून शोधणारा 'करवथ काटी' शोधतो, विणकराचा मुलगा 'करवती' लिहितो, आणि दोघं एकाच रस्त्यावरून एकमेकांना न भेटता जातात. टसरचं तेच. टसर, टस्सर, तसर, कोसा. त्यातला कोसा इंग्रजीत टाकला की छत्तीसगडचं चांपा समोर येतं, कारण त्यांनी तो शब्द नेटानं लावून धरलाय.

झाडीपट्टीचं तर विचारूच नका. झ साठी झेड की जेएच, याचा निकाल अजून लागलेला नाही. २०२२ च्या 'झॉलीवूड' सिनेमानं झेड घेतला. अभ्यासकांचे लेख बऱ्याचदा जेएच घेतात. शिवाय आपली बोली. आपण 'पानी' म्हणतो आणि फोनवर बोलून शोधतो तेव्हाही 'पानी'च म्हणतो. प्रोफाइल लिहिणारा मात्र एकदम प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत शिरतो.

यावर तोडगा फार मोठा नाही. हँडल इंग्रजी अक्षरांत, त्यात गावाचं किंवा घराचं नाव. नावाच्या रकान्यात देवनागरी, कारण तिथं ती चालते आणि इन्स्टाग्रामचा स्वतःचा शोध तो रकाना वाचतो. बायोत आणि फोटोखाली दोन्ही स्पेलिंगं, एकेक वेळ, सरळ वाक्यात. आणि सगळीकडे, म्हणजे फेसबुकवर, गुगलच्या नकाशावरच्या नोंदीत, बिलबुकावर, नाव-गाव-फोन सारखं. गुगलच्या व्यवसाय नोंदीत तर पाटीवर आहे तेच नाव द्यावं, जादा शब्द जोडू नयेत असा त्यांचाच नियम आहे. 'बेस्ट' जोडल्यापायी नोंद बंद पडू शकते.

हे आम्ही शहाणपणानं सांगत नाही आहोत, चुकून शिकलोय. मोहाडी तालुक्यातल्या एका विणकर घराला आम्ही दोघांनीच खातं सुधारून दिलं होतं. मूळ हँडलमध्ये आडनाव आणि गाव होतं. आम्ही तेव्हा असलेच व्हिडिओ पाहून भारावलेलो. म्हटलं, हे कोण शोधणार? आडनाव काढलं, गाव काढलं, 'सिल्क' आणि 'हाउस' टाकलं. दिसायला झकास झालं. पुढच्या लग्नसराईत काकूंनी फोन केला, 'अरे, नागपूरच्या बाई म्हणतात तुमचं पानच दिसत नाही, बंद केलं का?' बिलबुकावर जुनं हँडल छापलेलं होतं. जुनी गिऱ्हाइकं आडनाव आणि गाव टाकून शोधत होती, आणि दोन्ही आम्ही पुसून टाकलेली. परत जुनं हँडल घ्यायला गेलो तर ते दुसऱ्या कुणीतरी उचललेलं. इन्स्टाग्रामवर नाव सोडलं की ते काही दिवसांत मोकळं होतं, आणि जुना दुवा नव्या नावाकडे वळत नाही, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. काकू आम्हाला काही बोलल्या नाहीत. चहा दिला. ते जास्त लागलं.

त्या घरात अजून एक गोष्ट लक्षात आली. खात्याचा पासवर्ड विणणाऱ्याकडे नव्हताच. तो शहरात नोकरी करणाऱ्या पुतण्याकडे होता. पुतण्या भला आहे, पण तो साडी विणत नाही, त्यामुळे प्रोफाइलची भाषा विकणाऱ्याची होते, विणणाऱ्याची होत नाही. प्रोफाइल वाचताना 'हे कोण बोलतंय' असा प्रश्न आम्ही आता आधी विचारतो. कथेत निवेदक कोण हे विचारतो तसाच.

दुसरा एक मोह, नागपूरचा. भंडारा नागपूरपासून साठेक किलोमीटर. पुस्तिका म्हणते, ज्या शहराचा शोध जास्त त्याचं नाव लिहा. म्हणून इथलं हॉटेल, इथली शेती-सहल, इथली मिठाईसुद्धा स्वतःला नागपूरची म्हणवते. पवनीचं बघा. १९६९-७० मध्ये तिथं उत्खनन होऊन प्राचीन स्तूपाचे अवशेष मिळाले, शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. शेजारी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्य. पण जंगल सफारीच्या प्रोफाइलमध्ये पुष्कळदा 'नागपूरजवळ' असतं, पवनी गळते. त्यातून पवनीचीही इंग्रजी स्पेलिंगं तीन, आणि पावनी हे मुलीचं नाव आहे ते वेगळंच. नागपूरजवळ लिहू नये असं नाही. रस्ता सांगायला ते लागतंच. पण आधी पवनी, जिल्हा भंडारा, मग नागपूरहून किती, असा क्रम ठेवायला काय हरकत आहे? नागपूरच्या हजार हॉटेलांत हजार-एकावं होण्यापेक्षा पवनीत पहिलं दिसणं सोपं आहे.

चांगल्या प्रोफाइलचा नमुना शोधायला आम्ही खूप हिंडलो आणि शेवटी तो आपल्याच चौकात सापडला. झाडीपट्टीच्या नाटकाचं हँडबिल. दिवाळीनंतर मंडई लागते, शंकरपट भरतो, आणि रात्रभराच्या नाटकांची भिंतपत्रकं लागतात. त्या पत्रकाला कुणी साहित्य म्हणत नाही. छपाई भडक, विशेषणांची खैरात, 'हृदयाला पीळ पाडणारे' वगैरे असतंच. पण बघा, त्यात नाटकाचं नाव असतं, लेखक असतो, मंडळी कुठली ते असतं, बऱ्याचदा वडसा. गाव, तारीख, निमित्त, तिकीट. नटांची नावं एकेक करून. शेजारच्या गावातल्या माणसाला रात्री सायकल काढून पोचायला जे जे लागतं ते सगळं त्या कागदावर आहे. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांनी झाडीपट्टी शोधायला सुरुवात केली. इथल्यांना शोधावं लागलं नाही, कारण पत्रकावर नावं होती. आता हीच मंडळी फेसबुकवर येतात तेव्हा मात्र पानावर 'एंटरटेनमेंट' आणि 'आर्टिस्ट' एवढंच लिहितात. भिंतीवर जे येतं ते पानावर विसरतात.

एवढं सांगून झाल्यावर याची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर आम्हीही पुस्तिकावालेच ठरू. समजा आंधळगावातल्या प्रत्येक घरानं उद्या नीट, खरं प्रोफाइल लिहिलं. 'टसर साडी' असं शोधल्यावर पहिल्या पानावर मग कोण येईल? जागा मोजक्याच. त्यांच्याही वर पैसे भरून लावलेल्या जाहिराती. ज्याच्याकडे पैसा आहे तो व्यापारी, ज्यानं इथूनच साडी उचलली असेल, तो वर येईल. चिन्नोर तांदळाचं तसंच. भंडाऱ्याच्या चिन्नोरला मानांकन आहे, बालाघाटच्या चिन्नोरलाही आहे, आणि पोत्यावर नुसतं 'चिन्नोर' लिहून विकणारे आणखी कितीतरी. मानांकनाच्या कायद्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवता येतं. ज्यांनी नोंदवलंय त्यांनी ते बायोत लिहावं, कारण ते दुसऱ्याला खरेपणानं लिहिता येणार नाही. पण गुगल ती नोंद तपासून क्रम लावत नाही. हा प्रश्न शब्दांनी सुटणारा नाही, आणि सुटतो असं सांगणाऱ्याला फी देऊ नका.

म्हणून आम्ही दोन गोष्टी वेगळ्या करतो. सगळ्यांच्या वर येणं ही शर्यत आहे, आणि तिच्यात लहान माणूस बहुधा हरतो, हरताना खोटंही लिहायला लागतो. आपलं नाव, गाव, काम घेऊन कुणी शोधत आलं तर त्याला आपण सापडणं ही शर्यतच नाही. त्यात दुसरं कुणी हरत नाही. काकूंचं नुकसान झालं ते या दुसऱ्या गोष्टीत, आणि आम्ही केलं होतं पहिलीच्या नादात.

तो मघाचा नमुना आम्ही पुन्हा लिहून पाहिला. वाचतो: 'आंधळगाव, ता. मोहाडी, जि. भंडारा. घरच्या हातमागावर कोशाची करवत काठी साडी, तीन धोट्यांची. ऑर्डर घेऊन विणतो. किंमत फोटोखाली.' दीडशेच्या आत बसतं, थोडी जागा उरतेही. तिथं इंग्रजी स्पेलिंग टाका, दोन्ही तऱ्हांचं.

व्याख्यानानंतर पितळी भांड्यांच्या दुकानाचे एक गृहस्थ उभे राहिले. त्यांचा प्रश्न: 'दुकान आजोबांच्या नावानं आहे, सर. त्या नावाचं हँडल कुणीतरी आधीच घेतलंय, बहुतेक दुसऱ्या राज्यात. मुलगा म्हणतो नाव बदलू, ब्रास वर्ल्ड करू. काय करावं?' आम्ही म्हटलं, आजोबांचं नाव ठेवा, पुढे खालची रेघ देऊन भंडारा जोडा, आणि आजच रात्री घेऊन टाका. तीस अक्षरांत बसतं का ते मुलाला मोजायला सांगा. त्यांनी तिथंच बोटांवर मोजलं. चोवीस भरली.